कालवीरने पानशेत वाचवलं, पण आजी उठून आत गेली

«ताई, मी कोथरूडला राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या मासिकासाठी आठ पानांचं सायन्स फिक्शन कॉमिक करतेय. हिरोचं नाव कालवीर, मनगटावर टाइम मशीनचं घड्याळ, तो आजच्या पुण्यातून १२ जुलै १९६१ ला जातो, पानशेतच्या धरणाला गेलेला तडा लेझरने बुजवतो आणि पुणं वाचतं. मित्र म्हणतो यात पॅराडॉक्स आहे, पूर आलाच नाही तर कालवीर कशाला मागे जाईल? ते समजावायला गेले तर चौदा पानं झाली. पण खरा त्रास वेगळाच झालाय. माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची, त्यांचा वाडा पुरात पडला. ती त्याबद्दल कधीच बोलत नाही. मी हौसेने तिला कच्ची पानं दाखवली. तिने सगळी नीट बघितली, "पाणी असं नव्हतं आलं" एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. मला फार वाईट वाटतंय. सोडून देऊ का हे कॉमिक?»

अगं, सोडू अजिबात नकोस. तुला वाटतंय की तुझे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, पॅराडॉक्स, पानं आणि आजी, पण मला तर तिन्ही एकाच ठिकाणी अडकलेले दिसतायत, आणि ते ठिकाण म्हणजे कालवीर बटण दाबतो आणि धरण वाचतं ती तुझी दोन पॅनेल्स, म्हणजे चित्रांच्या दोन चौकटी. ती बदललीस की बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल.

आधी आजीचं बोलू, कारण तेच महत्त्वाचं आहे. तिच्या जागी बसून ती पानं बघ जरा. साठ वर्षांहून जास्त काळ जो दिवस तिने मनात ठेवलाय, कोणाला सांगितला नाही, तो दिवस नातीच्या वहीत अर्ध्या पानात मिटून जातो, वाडा उभाच राहतो, सगळे हसतायत, टाळ्या वाजतायत. तू प्रेमानेच काढलंस ते, पुणं वाचावं असंच तुला वाटलं, त्यात वाईट काही नाही. पण तिला काय दिसलं असेल, तर तिच्यासोबत जे झालं ते ह्या गोष्टीत झालेलंच नाही. आणि तरीही ती चिडली नाही, "काय हा पोरखेळ" म्हणाली नाही, तिने तुझी एक चूक दाखवून दिली. माझ्या मते ही फार चांगली खूण आहे. ज्याला विषयच नकोसा असतो तो माणूस पाणी कसं आलं होतं ह्यावर बोलतच नाही. तिला ते बरोबर काढलेलं हवंय.

आणि आजी अगदी खरं बोलली आहे गं. तू जी पानं सोबत पाठवलीस त्यात उंच सिमेंट काँक्रीटची भिंत आहे, तिला वीज चमकल्यासारखी भेग गेलीय आणि त्यातून पिचकारीसारखं पाणी उडतंय. पानशेतचं धरण मातीचं होतं. मुठेला येऊन मिळणाऱ्या आंबी नदीवर, काम अजून पूर्ण व्हायचं होतं आणि तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाणी खाली सोडायचा जो नळ धरणाच्या पोटातून जातो, त्याचं कामही अर्धवट होतं, त्यातून पाणी हिसके देत सुटत होतं, त्या धक्क्यांनी वरची माती खचायला लागली, धरणाचा माथा खाली बसत गेला. मातीच्या धरणावरून एकदा पाणी वाहायला लागलं ना की संपलंच, पाणी माती घेऊन जातं, वाट मोठी होते, अजून पाणी, अजून माती. तिथे लेझरने जोडायला भेगच नाही! इंजिनिअरिंगची पोरगी आहेस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे, आणि तुझ्या कॉलेजात सिव्हिलचा एक जरी मास्तर ते मासिक वाचणार असेल तर तो पहिल्या झटक्यात हेच म्हणेल.

आता ११ जुलैच्या रात्रीकडे ये, कारण तुझी खरी गोष्ट तिथे पडलीय असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री लष्कराचे जवान धरणावर होते, पावसात, अंधारात, वाळूची पोती वाहून माथ्यावर रचत होते. धरण वाचलं नाही, १२ ला सकाळी फुटलं, पण त्या पोत्यांमुळे ते उजाडेपर्यंत तरी तरलं असं जुने पुणेकर आजही सांगतात, आणि रात्री झोपेत पाणी येणं आणि दिवसाढवळ्या येणं ह्यात किती जिवांचा फरक आहे ते तूच विचार कर.

तर असं कर, कालवीरला तिथे उतरव, लेझरसकट. तो ऐटीत घड्याळाचं बटण दाबतो, समोर भेग नाही, चिखल आहे, पाऊस आहे आणि एका रांगेत वाकलेली माणसं. कोणी त्याच्याकडे बघत पण नाही. मग एक जवान पोतं त्याच्या खांद्यावर टाकतो आणि "चल, उचल" म्हणतो. ते पॅनेल मोठं काढ, जवळजवळ अर्धं पान. लेझर कुठे गेलं, काय झालं, काही सांगू नकोस, पुढच्या पॅनेलमध्ये तो रांगेत चालतोय एवढंच दाखव.

बघ, इथेच तुझ्या मित्राचा पॅराडॉक्स पण सुटला. कालप्रवासाच्या गोष्टीत नियम निवडावा लागतो आणि एकच निवडायचा, आठ पानांत दोन नियम मावत नाहीत. एक नियम असा की मागे जाऊन बदल केला की जग बदलतं, त्यात आजोबांना मारलं तर आपण जन्मलो कसे ही भानगड येते आणि तुझी चौदा पानं त्याच भानगडीत गेलीत. दुसरा असा की बदल केला की जगाला नवीन फांदी फुटते, ह्याची मुळं शोधायची तर लोक १९५७ च्या एव्हरेट नावाच्या शास्त्रज्ञाच्या क्वांटमच्या मांडणीपर्यंत जातात, वाचायला भारी आहे ते, पण तुझ्या गोष्टीला काही कामाचं नाही, कारण दुसऱ्या फांदीवरचं पुणं वाचतं आणि आपली आजी आहे तिथेच राहते, नऊ वर्षांची, वाडा पडलेला. तिसरा नियम मला तुझ्यासाठी बरोबर वाटतो, जे झालं तेच होणार, आणि मागे गेलेला माणूस त्या झालेल्यात आधीपासूनच होता. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्हने १९८० च्या दशकात हीच कल्पना भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडली, की कालप्रवास शक्य असलाच तर घटना आपापसात जुळूनच घडतील, विरोधात जाणारं काही घडूच शकणार नाही. म्हणजे धरण उजाडेपर्यंत टिकलं त्यात कालवीरने वाहिलेली पोती पहिल्यापासून धरलेली आहेत. त्याने इतिहास बदलला नाही, इतिहासात त्याचाही हात होता. हे कुठल्याही बलूनमध्ये, म्हणजे संवादाच्या फुग्यात, लिहू नकोस प्लीज! शेवटाकडे एखादा जुना फोटो दाखव, पोत्यांच्या रांगेत मागे कोणीतरी, मनगटावर घड्याळ. ज्याला कळायचं त्याला कळेल.

सायन्स किती घालू असंही तू खाली तळटीपेत विचारलंयस, तर कमी. मागे जायचं गणित कागदावर मांडलं गेलंय, गोडेल नावाच्या गणितज्ञाने १९४९ मध्ये आइनस्टाइनच्याच समीकरणांतून असं फिरणारं विश्व काढून दाखवलं की ज्यात फिरून भूतकाळात येता येईल, पण आपलं विश्व तसं नाही. पुढे जाणं मात्र खरंच होतं, थोडं थोडं. १९७१ मध्ये दोन शास्त्रज्ञ अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून जगाला फेऱ्या मारून आले आणि ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा अब्जांश सेकंदांनी मागेपुढे झालेली निघाली. तुझ्या फोनमधल्या जीपीएससाठी पण उपग्रहांवरची घड्याळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात ते दुरुस्त करावं लागतं. हे घड्याळाच्या एका ओळीत वापर हवं तर, मुलांना आवडेल. आणि कोणी म्हणेल की पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती पळतेय, मग नुसतं काळात मागे गेलं तर माणूस अंतराळात नाही का लटकणार? त्याला म्हणावं घड्याळ ते पण बघतं, आणि पुढे चल. सायन्स फिक्शनमध्ये वाचक एक थाप आनंदाने मान्य करतो, मान्य करायला नाही म्हणतो ती दुसरी थाप, आणि तुझी दुसरी थाप ते काँक्रीटचं धरण होतं.

बरं, मग शहर. सकाळी पानशेत फुटलं, ते सगळं पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आलं, आणि दुपारी एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरणही गेलं. मुठेकाठच्या पेठांत पाणी चढलं, लकडी पुलावरून पाणी गेलं, वाडे मातीविटांचे आणि लाकडाचे, ते भिजून बसले. आणि कालवीरकडे माहिती सगळी आहे, पुढचा प्रत्येक तास त्याला ठाऊक आहे, पण तो ती सांगणार कोणाला? १९६१ चं पुणं आहे. टीव्ही नाही, तो मुंबईतच १९७२ ला आला. फोन मोजक्या घरात. रेडिओ आहे. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम एक वर्ष झालंय. नवे पैसे येऊन चार वर्षं झालीयत पण म्हातारी माणसं अजून आण्यातच बोलतायत. रस्त्यावर सायकली आणि टांगे. अशात एक विचित्र कपड्यातला पोरगा ओरडत पळतोय की धरण फुटलंय, वर जा, वर जा. बुधवार आहे, लोकांची कामाला जायची वेळ आहे. कोण ऐकणार? एखादा ऐकतो, दोघं ऐकतात. त्याचा फोन खिशात आहे, चार्ज आहे, नेटवर्क नाही. एक पान मला असं हवंय की ज्यात तो दारं वाजवत सुटलाय आणि प्रत्येक पॅनेलमध्ये वेगळं दार, वेगळा चेहरा, कोणी हसतंय, कोणी हाकलतंय, एक बाई फक्त मागे वळून पोरांना हाक मारते. एवढं झालं तरी खूप झालं.

पानांचं आता. आठ पानं म्हणजे पानाला पाच धरली तरी चाळीस पॅनेल्स होतात, कमी नाहीत. पहिलं पान आजचं पुणं. तुला जागा हवी असेल तर सिंहगड रोड घे, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं होतं, तुझ्या कॉलेजातल्या कित्येकांनी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे कालवीर मागे का जातो हे तुला वेगळं सांगत बसायला नको. दुसऱ्या पानावर तो पोचलेला पाहिजे. तिसरं आणि चौथं धरणावर, पाचव्या-सहाव्यावर दारं वाजवणं आणि पाणी, सातवं गच्ची, आठवं नंतरचा चिखल. टाइम मशीन चालू झाल्यावर तू तीन पॅनेल्सभर भोवरे आणि विजा काढल्यात, त्या सगळ्या काढून टाक. कॉमिकमध्ये दोन पॅनेल्सच्या मधे जी पांढरी पट्टी असते तिच्यातच वेळ जात असते, एरवी ती दोन सेकंद असते, तू ती साठ वर्षं कर. लकडी पूल आज, त्याच कोनातून, तेवढ्याच चौकटीत, आणि शेजारी लकडी पूल १९६१. बास. एकही बलून नको. भूतकाळ पिवळट तपकिरी रंगात दाखवायची सवय सगळ्यांना आहे, तू नको करूस, आजीला ती सकाळ पिवळी दिसली नव्हती.

आणि छापील मासिक आहे म्हणून एक गोष्ट लक्षात ठेव, वाचक पान उलटतो तेव्हा डावीकडे जे येतं ते त्याला आधी दिसलेलं नसतं, त्यामुळे मोठा धक्का डाव्या पानावर ठेव आणि त्याच्या आधीच्या उजव्या पानाचं शेवटचं पॅनेल असं काढ की हात आपसूक पुढे जाईल. पोतं खांद्यावर पडतं ते डावीकडे आलं पाहिजे.

बलूनमध्ये तू फार लिहितेस गं. एकेका बलूनमध्ये पन्नास पन्नास शब्द आहेत, वीसच्या वर जाऊ नकोस. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार लागतात, दोन ओळींत जागा सोडावीच लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या अनुस्वारावर जाऊन बसतो, तुझ्या चौथ्या पानावर तसंच झालंय, मला "पूर" वाचताच येईना. आधी पेन्सिलने अक्षरं लिही, मग त्याच्याभोवती बलून काढ, उलटं करू नकोस. आणि आवाज लिहिताना इंग्रजी कॉमिकसारखं "बूम" कशाला लिहिलंस, आपल्याकडे धो धो आहे, घोंघों आहे, खळखळ आहे, वाडा बसतो तेव्हाचा धडाड धुम्म आहे.

आता परत आजी, म्हणजे तिच्याशी बोलायचं कसं ते. फोनचा रेकॉर्डर समोर ठेवून "आजी, पुराबद्दल सांग ना" असं करू नकोस, त्याचं उत्तर ती काय दगडासारखं गिळून बसलीय ते तू बघितलंसच. तिला आधी सांग की तू म्हणालीस ते बरोबर होतं, धरण मातीचं होतं, मी चुकीचं काढलं होतं. एवढंच सांग आणि थांब. मग एखाद्या दिवशी भाजी निवडताना वगैरे छोटं काहीतरी विचार, शाळा होती का गं त्या दिवशी? सकाळी काय खाल्लं होतंत? वाड्याला जिना कुठल्या बाजूला होता? तुझा हात कोणी धरला होता? माणसाला मोठा प्रसंग सांगता येत नाही पण जिना कुठे होता ते सांगता येतं, आणि जिना सांगता सांगता बाकीचं येतं. नाही आलं तर राहू दे, ओढून काढू नकोस. कोण गेलं, कोण राहिलं हे तू होऊन विचारू नकोस, ते तिने स्वतः सांगितलं तरच.

तिने काहीच सांगितलं नाही तरी कॉमिक अडणार नाही. त्या वेळची वर्तमानपत्रं जुन्या ग्रंथालयांत मिळतात, पूरग्रस्तांसाठी वसलेल्या गोखलेनगर, सहकारनगरसारख्या भागांत अजून त्या पिढीची माणसं आहेत, गोखलेनगरला गोल छपराच्या निसेन हटमध्ये राहिलेली कुटुंबं आहेत, ती बोलतात. फक्त एक कर, आजीने सांगितलं नसेल तर गोष्टीतली मुलगी आजी नको, दुसरीच कोणीतरी असू दे, आणि नारायण पेठेऐवजी शनिवार पेठ घे. तिचा दिवस तिच्या परवानगीशिवाय छापायचा नाही.

आणि सांगितलं, तर गच्चीचं पान तिच्या शब्दांवर काढ. कालवीर तिथे त्या मुलीला वाचवणारा नको, ह्याबद्दल माझं मत पक्कं आहे. त्या दिवशी पोरांना हात धरून वर नेलं ते शेजाऱ्यांनी, आयांनी, ओळखदेख नसलेल्या माणसांनी, त्यांचं श्रेय भविष्यातून आलेल्या हिरोला देऊ नकोस. तो तिथे तिच्या शेजारी बसलेला असू दे, रात्रभर पोती वाहून दमलेला, तोही बाकीच्यांसारखा पाणी उतरायची वाट बघतोय. परत जायचं बटण त्याच्या मनगटावर आहे आणि तो ते दाबत नाही, चिखल काढायला थांबतो. हा तुझा हिरो! खडकवासला रिकामं झालं म्हणून शहरात प्यायच्या पाण्याचे हाल झाले होते, वाड्यांच्या जुन्या विहिरी पुन्हा उपसायला लागल्या होत्या, तर शेवटच्या पानावर त्याला विहिरीवर रांगेत उभा कर, हातात कळशी देऊन. पोशाख तोपर्यंत चिखलाने ओळखू येईनासा झालेला असेल, त्यामुळे छातीवरच्या "का" ह्या अक्षराचं काय करू हा तुझा प्रश्नही मिटला.

पेन्सिलचं काम झालं की इंक करायच्या, म्हणजे शाईने पक्कं करायच्या आधी ती आठ पानं आजीला दाखव, इंक झाल्यावर दाखवलीस तर तिने चूक काढली तरी तू बदलणार नाहीस, तुझाच जीव होणार नाही. ती म्हणाली जिना डावीकडे होता, तर जिना डावीकडे घे, मागचं सगळं पॅनेल परत काढावं लागलं तरी. आणि मासिकाच्या संपादकांना आजच गाठ, त्यांना सांग की तुझं पहिलं पान उजव्या बाजूला आलं पाहिजे आणि मधे जाहिरात घालायची नाही, हे नंतर सांगितलं तर कोणी ऐकत नाही.